फिकट पिवळ्याची कसोटी

रंगाऱ्याची सून विद्यापीठात संशोधन करायची. लग्न झाल्यापासून दर सोमवारी ती सासऱ्याच्या कापड रंगवायच्या कारखान्यामागे उकिडवी बसून गटारात जाणारं पाणी बाटल्यांत भरून न्यायची. लाल, निळं आणि सगळ्यात हट्टी ते काळं. एवढी शिकलेली मुलगी, तिला दुसरं काम नाही का, असं रंगाऱ्याच्या बायकोनं एकदा दबक्या आवाजात विचारलंही होतं.

गटार पुढे ओढ्याला मिळायचं. खालच्या वस्तीतल्या बायका आज ओढ्याचा रंग कुठला, ते बघून मगच कपडे भिजवतात, हे रंगाऱ्याला ठाऊक होतं. पण चाळीस वर्षं त्यानं तिकडे कानाडोळाच केला होता.

तिसऱ्या वर्षी सुनेनं कारखान्याच्या कोपऱ्यात एक टाकी बसवली. आत लोखंडी पत्र्यांची रांग आणि त्यांना विजेच्या तारा. वीज सोडली की लोखंड जरासं विरघळतं, रंगाचे कण त्याला चिकटतात आणि गाळ होऊन तळाशी बसतात, असं तिनं सासऱ्यांना समजावलं. लाल निवळलं, निळंही निवळलं. काळ्यानं मात्र दाद दिली नाही. दोन महिने ती पत्रे मागेपुढे सरकवत होती, वह्या भरत होती. रंगाऱ्याला आधी गंमत वाटायची, मग वाटेनाशी झाली. फसलेला रंग दहाव्यांदा घोटायला बसणारं माणूस त्याला लांबून ओळखता यायचं.

शेवटी एका दुपारी तो तिच्याशेजारी येऊन बसला. काळा रंग कपड्यावर एकसारखा चढावा म्हणून आपण हौदात साबणासारखा एक द्रव ओततो, तो कणांना एकमेकांना चिकटूच देत नाही, असं त्यानं सांगितलं. सुनेनं पेन खाली ठेवलं.

"बाबा, हे कुठल्याच कागदावर नाही."

"कागदावर कसं असेल? ते हाताच्या अंदाजानं पडतं."

त्यानं अंदाज निम्म्यावर आणला, कापड नीट रंगतंय याची खात्री केली. मग तिनं पुन्हा वीज सोडली. तासाभरानं टाकीचा तळ दिसला.

प्रयोगशाळेचा अहवाल उत्तम आला. रंगाऱ्यानं तो वाचून घडी घालून ठेवला. "अहवाल ठीक आहे गं, पण फिकट पिवळा काय म्हणतो ते बघू." पाण्यात तसूभर जरी खोट असली तरी फिकट पिवळा चुगली करतो. त्यानं एक कापड ताज्या पाण्यात रंगवलं, दुसरं टाकीतल्या. वाळल्यावर बायकोला म्हणाला, आता यांची अदलाबदल कर आणि मला सांगू नकोस. मग दोन्ही कापडं उजेडात धरून, चिमटीत चोळून, बराच वेळ बघून त्यानं एकावर बोट ठेवलं. हे टाकीतल्या पाण्याचं.

बायकोनं मान हलवली. ते ताज्या पाण्याचं होतं.

आयुष्यात पहिल्यांदाच रंग पारखण्यात चुकलेला तो माणूस खुशीत हसला. सुनेच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "माझ्या डोळ्यांना फसवलंस, पोरी. याहून मोठी पदवी माझ्याकडे नाही."

आता हौदातलं बहुतेक पाणी परत हौदातच येतं. तळाच्या गाळाचं काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही. सून त्यावर काम करतेय. ओढाही पुरता निवळलेला नाही, कारण वरच्या अंगाला आणखी दोन रंगारी आहेत. परवा ती त्यांची गटारं मोजायला गेली, तेव्हा टेपचं दुसरं टोक सासऱ्याच्या हातात होतं.