डाव्या बटणातली पाचर

मी पत्रा दाबणाऱ्या मशीनचं डावं बटण बोलतोय. अंगाने एवढासा, लाल, आत एक स्प्रिंग. उजवीकडे माझा जुळा भाऊ. आम्हा दोघांना दाबलं, तरच वरचा लोखंडी ठोकळा धाडकन खाली येतो आणि डब्याचं झाकण तयार होतं. दोन्ही हात आमच्यावर असले की बोटं ठोकळ्याखाली जात नाहीत. माझा जन्मच त्यासाठी झालाय.

पण माणूस हे अजब प्रकरण आहे. आठवडाही झाला नाही, तोच माझ्या फटीत लाकडाची पाचर ठोकली गेली. मी कायमचा दाबलेला, म्हणजे एका हाताने काम भराभर उरकतं. तपासणीचे साहेब आले की पाचरी खिशात, गेले की पुन्हा जागेवर. सगळ्यांना सगळं ठाऊक आणि सगळे मूग गिळून गप्प. मला राग यायचा, पण बटणाच्या रागाला कोण विचारतो?

मग माझ्या मशीनवर एक नवी मुलगी कामाला आली. पहिल्याच दिवशी तिने पाचर उपटून फेकली. दोन्ही हातांनी काम करायची, म्हणून झाकणं कमी भरायची. शेजारच्या मशीनवर तिचा थोरला भाऊ होता. त्याच्यादेखत सुपरवायझरने तिला सुनावलं, "बाई, शनिवारपर्यंत हात चालवा. नाहीतर सोमवारी येऊ नका." भावाचा चेहरा पार उतरला.

ती पाणी प्यायला गेली, तेवढ्यात भावाने खिशातली पाचर काढून माझ्यात बसवली. किती मायेने बसवली! तिला सांगणारच होता, पण सुपरवायझरने त्याला पलीकडे बोलावून घेतलं.

ती परत आली. पत्रा वाकडा बसला, म्हणून डावा हात ठोकळ्याखाली गेला. उजवा सवयीने माझ्या जुळ्यावर टेकायला निघाला. एकट्या उजव्याने ठोकळा पडत नाही, हा तिचा भरवसा. मला ओरडता येईना.

"हात! अगं, हात काढ!" पलीकडून भाऊ किंचाळला.

ठोकळा आदळला. बोटं वाचली. हातमोज्याचं टोक तेवढं झाकणात चेपून बसलं.

भाऊ धावत आला. "तुझी नोकरी जाऊ नये म्हणून केलं गं," तो रडवेला होऊन म्हणाला.

"ठाऊक आहे, दादा." तिने पाचर उपटली. "आता तुझ्या मशीनची काढ."

"माझा हात बसलाय. मला काही होत नाही," असं म्हणून तो कामाला लागला.

तुम्ही माणसं एकमेकांच्या बोटांसाठी जीव टाकता आणि स्वतःची बोटं वाऱ्यावर सोडता. हे मला काही केल्या उमगत नाही.

उद्या शनिवार. मी मोकळा आहे, ती मला नीट दाबते. पण शेजारचं मशीन वाजलं की तिचा हात थबकतो. आधी ती दादाच्या हाताकडे बघते, बोटं मोजते, मगच मला दाबते. त्यात झाकणं आणखी कमी भरतात. दादा, निदान तिची नोकरी टिकावी म्हणून तरी काढ रे ती पाचर.