घरातला शब्द

भाषाशास्त्राच्या बाई वर्गात जेवढ्या शांत, तेवढ्याच सभेत तिखट. सरकारने लहान भाषांच्या शाळा बंद करायला घेतल्या, तेव्हा विद्यापीठातल्या बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावलं. बाई मात्र व्यासपीठावर जाऊन सडेतोड बोलल्या. त्यापायी हाताशी आलेलं विभागप्रमुखपद हुकलं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

मग त्यांच्यामागे चौकशी लागली. चौकशी अधिकारी मऊ आवाजाचा होता. त्याने चहा मागवला, इकडचं तिकडचं विचारलं आणि हसत म्हणाला, "शिक्षणमंत्र्यांना तुम्ही खुर्चीडिंक्या म्हणता म्हणे."

बाईंच्या हातातला कप तसाच राहिला. शब्द त्यांनीच केलेला होता, पण घरात, जेवताना, थट्टेत. बाहेर तो कधी ओठांवर आला नव्हता.

त्या दिवसापासून घर परकं वाटायला लागलं. स्वयंपाकाच्या मावशी आत आल्या की बाई गप्प होत. मावशींचा भाचा पोलिसात आहे, हे आता आठवलं. रविवारी धाकटी बहीण आली आणि तिने सहज विचारलं, "ताई, चौकशीचं काय झालं गं?"

"तुला कोणी विचारायला सांगितलं?"

बहिणीने पर्स उचलली आणि ती निघून गेली. मावशींनाही बाईंनी काहीतरी खुसपट काढून कामावरून काढलं.

"बरं केलंस," नवरा म्हणाला. "हल्ली कोणाचा भरवसा नाही."

पुढे एका सकाळी वर्गात प्रत्यय शिकवताना त्या फळ्यासमोरच थबकल्या. त्यांचा शब्द होता 'खुर्चीडिंक'. त्याला शेपूट जोडून 'खुर्चीडिंक्या' म्हणणारा जगात एकच माणूस होता.

त्या घरी आल्या तेव्हा नवरा शर्टाला इस्त्री करत होता.

"तू त्या अधिकाऱ्याला भेटलास?"

त्याने इस्त्री उभी करून ठेवली. "एकदाच. तुझ्यासाठीच गेलो होतो. म्हटलं, ती घरात थट्टा करते, बाहेर करते तेही नुसतं बोलणंच. तिच्यापासून कोणाला धोका नाही. बोलण्याच्या ओघात तो शब्द निघून गेला."

"आणि त्याला ते पटलं?"

"चौकशी बंद करतायत. तुझी नोकरी वाचली."

बाई पलंगाच्या कडेला टेकल्या. "माझं प्रत्येक भाषण तू पहिल्या रांगेत बसून ऐकलंस. नुसतं बोलणं म्हणून?"

"मी घाबरलो होतो गं," तो म्हणाला.

चौकशी खरोखरच बंद झाली. बाई सभांना जात राहिल्या, पूर्वीपेक्षा तिखट बोलत राहिल्या. पण भाषण आधी घरी वाचून दाखवणं थांबलं. बहिणीकडे जाऊन त्यांनी माफी मागितली. ती फोनवर बोलू लागली, यायची मात्र नाही. मावशींनी दुसरं घर धरलं होतं.

बाईंचा फोन वाजला की नवरा आपणहून उठून बाल्कनीत जायचा. दार नीट लागलंय ना, हे बाई वळून पाहायच्या आणि मगच बोलायला लागायच्या.