सासूबाईंचा फोन

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. कानावर बसणारी माझी एक मऊ पाळ फाटली आहे, वायरीला दोन ठिकाणी चिकटपट्टी आहे, आणि सध्या माझा मुक्काम एका टेबलाच्या खालच्या खणात आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मला वाटले होते, कुणीतरी मला लावून गाणी ऐकेल. पण माझ्या नशिबी आले आरोग्य विमा विकणाऱ्या कंपनीचे मदत केंद्र. लांबलचक खोली, ओळीने टेबले, मधे पुठ्ठ्याच्या भिंती. मी ज्या मुलीच्या कानावर बसलो तिला सगळे मैना म्हणत. आवाजच तसा होता. फोनवर भांडायला आलेली माणसे तिला आशीर्वाद देऊन फोन ठेवत. साहेब नव्या मुलींना सांगायचे, "बोलायचं कसं ते मैनेकडून शिका." तेव्हा माझीही कॉलर ताठ व्हायची, म्हणजे असती तर झाली असती.

लोक काय विचारायचे? ह्या आजाराचे पैसे मिळतील का, त्या ऑपरेशनचे मिळतील का. उत्तरे छापील होती. त्याबाहेर एक शब्दही बोलायची मुभा नव्हती. एखादी बाई दबक्या आवाजात विचारायची, "मूल होत नाही, त्याचे उपचार यात बसतात का?" मैना उत्तर द्यायची, "क्षमस्व मॅडम, या पॉलिसीत बसत नाहीत." फोन ठेवल्यावर ती क्षणभर डोळे मिटायची. कारण तिचे दुखणेही तेच होते. तिला पीसीओएस होता. पाळी महिनोन्‌महिने यायची नाही, वजन हटायचे नाही, हनुवटीवरचे केस ती गुपचूप काढायची. मूल हवे तर उपचार घ्यावे लागतील, असे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले होते. हे फक्त तिच्या नवऱ्याला ठाऊक होते. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या नोकरीत विमा नव्हता. जे काही होते ते मैनेच्या नोकरीतून.

त्या वर्षी कंपनीने आपल्या नोकरदारांना दोन पॉलिसींतून एक निवडायला सांगितले. पहिलीत सासूसासरेही धरलेले होते. दुसरीत फक्त नवराबायको, पण मूल होण्यासाठीचे उपचार त्यात होते, तेही दोन वर्षे थांबल्यावर. मैनेच्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे झिजले होते, ऑपरेशन ठरत आले होते. बाहेरची पॉलिसी त्यांना कुणी देईना, वय आणि जुने दुखणे दोन्ही आड येत होते. इकडे आड, तिकडे विहीर. लोकांना पॉलिसी समजावून सांगणारी मैना स्वतःच्या पॉलिसीपाशी येऊन अडकली. आठवडाभर ती संगणकावर निवडीचे ते पान उघडायची आणि बंद करायची.

निवडीच्या शेवटच्या दिवशी दुपारी शेजारच्या मुलीने एक फोन इकडे वळवला. "कुणी मावशी आहेत. तूच हवी म्हणतात."

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

"मदत मलाच करायची आहे. तुझा मोबाइल बंद, म्हणून इथे लावला. मी बोलतेय."

मोबाइल सगळ्यांचेच कुलपात असत. मैनेने सासूबाईंचा आवाज ओळखला. संगणकाच्या पडद्यावर लाल ठिपका होता, म्हणजे साहेब ऐकत होते.

"बोला, मॅडम."

"अगं मॅडम काय! बरं, म्हण. साहेबांचा कान लागला असेल. मला सांग, एखाद्या सासूचं नाव पॉलिसीत घालायचं नसेल तर काय करायचं?"

"मॅडम, मग त्यांच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनचे पैसे मिळणार नाहीत."

"मला कळतंय ते. गुडघे माझेच आहेत ना?"

"पुढे नाव परत घालता येईल, याची खात्री देता येत नाही."

"खात्री कोण मागतंय? काल लेकाने सगळं सांगितलं मला. इतकी वर्षं मी तुला येता-जाता टोचत राहिले, गोड बातमी कधी, गोड बातमी कधी. एकदा तरी तोंड उघडायचंस गं."

मैनेने आपला आवाज बंद करायचे बटण दाबले, आणि ती रडली. ते पलीकडे गेले नाही, साहेबांनाही कळले नाही. फक्त मी ऐकले.

"आहेस ना? हॅलो?"

"आहे, मॅडम." तिने बटण सोडले. "आपल्याला जिना धड उतरता येत नाही."

"पलंगावरूनही धड उतरता येत नाही. म्हणून काय? थांबायचंच आहे ना, दोघी थांबू."

"उपचारांना यश येईलच असं नाही."

"आणि माझ्या गुडघ्यांचं कुणी लिहून दिलंय का?"

ठरलेले वाक्य मैनेच्या तोंडून निघाले, "आणखी काही मदत करू शकते का?"

"येताना बाम आण. संपलाय."

संध्याकाळी मैनेने दुसरी पॉलिसी निवडली. तुम्हाला वाटेल, सुटली बिचारी. नाही मित्रांनो. त्या दिवसापासून तिचे दार बाहेरून बंद झाले. नोकरी सोडली की पॉलिसी गेली. पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका संस्थेने तिला बोलावले होते. तिने नाही म्हणून कळवले आणि तो सबंध दिवस ती पाण्याखेरीज काही प्यायली नाही, जेवली नाही. ही कुठे जात नाही हे साहेबांनी ओळखले आणि सगळे तक्रारीचे फोन तिच्याकडे वळवले. ती निमूट ऐकायची. घरी सासूबाई भिंत धरून, तिरक्या होऊन, पाय घासत एकेक पायरी उतरायच्या. "तो आवाज मला झोपू देत नाही," असे मैना शेजारच्या मुलीला एकदाच म्हणाली.

दोन वर्षे सरली. उपचार सुरू झाले. पहिला प्रयत्न फसला. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली, मला कानाला लावले आणि पहिल्याच फोनला म्हणाली, "नमस्कार." त्या एका शब्दाने मला कळले. पॉलिसीत आता एकच प्रयत्न उरला आहे. त्याची ती अजून वाट पाहते आहे.

मी मात्र निकामी झालो. नवा हेडफोन आला, मला खणात टाकले. इथे अंधार आहे, पण तिचा आवाज फळीतून खाली येतो. परवा कुणी बाई रडत असावी. मैना छापील उत्तर म्हणायला लागली आणि मधेच थांबली.

"ताई, या पॉलिसीत नाही बसत. पण फोन ठेवू नका. कुठल्या पॉलिसीत बसतं आणि किती थांबावं लागतं, ते सांगते, लिहून घ्या. आणि हे ओझं एकट्या वाहू नका. घरात बोला. मी फार उशिरा बोलले, तेही मी नाही, दुसऱ्याच कुणीतरी."

साहेबांची खुर्ची करकरली. पावले टेबलापाशी येऊन थांबली. मैना थांबली नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंची वायर ओढू नका, पाळ फाटली तर शिवून घ्या. पण तुमच्या घरात कुणी मधेच गप्प होत असेल, तर आधी तिकडे जा. आमची दुरुस्ती नंतर केली तरी चालेल.