थर्ड पार्टी

नानासाहेबाच्या नावातच काय तो साहेब होता. बाकी सगळा जन्म घोडेगावात जळालेल्या मोटारी भरण्यात गेला. कुणाची विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती त्याच्या दुकानात आणून टाकायचे आणि हा दिवसभर तांब्याची तार गुंडाळत बसायचा. असल्या माणसानं पन्नाशी उलटल्यावर चारचाकी शिकायला जावं, म्हणजे कमालच की! पण गेला. मंचरच्या ड्रायव्हिंग स्कूलात कॉलेजातली पोरं "काका, क्लच दाबा, क्लच!" म्हणून फिदीफिदी हसली. यानं ते मुकाट गिळलं आणि लायसन काढूनच घरी आला.

हा सगळा खटाटोप यशोधरेसाठी. ही त्याची बायको डोंगराकडच्या एका अंगणवाडीवर सेविका होती. वर्षानुवर्षं एसटीच्या दांडीला लोंबकळून गेली-आली, पण कधी कुरकुरली नाही. एकदाच म्हणाली होती, "येडगावला आईकडं जायचं तर किती गाड्या बदलायच्या, अन् फाट्यापासनं पुन्हा तंगडतोड. एकदा तरी थेट दारात उतरावं वाटतं बघा." ते नानासाहेबाच्या डोक्यात बसलं ते बसलंच. दोन हजार दोन साली त्यानं एका डॉक्टरची जुनी पांढरी मारुती दारात आणून उभी केली.

यशोधरेनं गाडीला हार घातला, पुढं काचेपाशी बुद्धाची छोटी मूर्ती चिकटवली आणि बजावलं, "इन्शुरन्स काढल्याबिगर चाक हलवायचं न्हाई."

झालं! नानासाहेबाची वणवण सुरू झाली. मंचरच्या ऑफिसातल्या माणसानं आधी गाडीचं पुस्तक पाहिलं, मग लायसन पाहिलं आणि शेवटी नानासाहेबाचे पांढरे केस पाहिले. "जुनी गाडी अन् नवशिक्या ड्रायव्हर! फुल इन्शुरन्स परवडायचा न्हाई तुमाला, काका." त्यानं आकडा सांगितला आणि नानासाहेब चपला शोधायला लागला. जुन्नरला गेला, तर तिथल्या साहेबानं मान वर न करताच "गाडी तपासावी लागेल, पुढच्या आठवड्यात या" म्हणून वाटेला लावलं. पुढच्या आठवड्यात साहेब रजेवर.

शेवटी चिमाजी भेटला. हा एजंट तहसील कचेरीसमोर झाडाखाली घडीची खुर्ची टाकून बसायचा आणि एकाच वेळी चौघांशी बोलायचा.

"जयभीम नाना! फुलच्या नादी कशाला लागता? थर्ड पार्टी काढा. स्वस्तात काम, अन् पोलिसानं अडवलं तर दाखवायला कागद."

"थर्ड पार्टी म्हंजे रं?"

"पहिले तुमी, दुसरी कंपनी, तिसरा म्हंजे ज्याला लागंल तो. त्याचं कंपनी बघती," चिमाजी लिहिता लिहिता म्हणाला आणि शेजारच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

नानासाहेबानं घरी येऊन बायकोला ते जसंच्या तसं सांगितलं. दोघं नवरा-बायको पायरीवर बसून हिशेब लावायला लागली. स्टेअरिंगवर बसणारा पहिला. कंपनी दुसरी. मग तिसरं कोण उरलं?

"मी!" यशोधरा म्हणाली. "दुसरं हाय कोण तुमच्या गाडीत?"

"अन् ते फुल असतंय, त्यात गाडीचा पत्रा चेपला तरी पैसं मिळत्यात म्हणं."

"पत्र्याला काय करायचंय? माणसाला मिळालं म्हंजे झालं. थर्ड पार्टीच काढा."

अहो, चार बुकं शिकलेल्यालाही हे पटलं असतं. पार्टी हा शब्द घोडेगावच्या बाजारात रोजचा. पार्टी चांगली, पार्टी बुडवी. आता घरातच पार्टी झाली म्हटल्यावर नानासाहेबाला चेवच आला. "काय थर्ड पार्टी, च्या टाकताय ना?" असं तो भर गल्लीत ओरडायचा आणि यशोधरा आतनं म्हणायची, "जपून बोला, माझे पैसे भरलेत!" आयाबायाही तिला त्याच नावानं चिडवायला लागल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या दोघांचं इतकं हसू गल्लीनं कधी ऐकलं नव्हतं.

मग येडगावला निघायचा दिवस उजाडला. यशोधरेनं ठेवणीतलं निळं लुगडं नेसलं. नारायणगाव मागं पडलं, येडगावचा फाटाही वळला. कालव्याच्या पुलाजवळ दुधाचे कॅन लावलेली एक सायकल आडवी आली आणि नानासाहेबाचा पाय चुकला. ब्रेक समजून त्यानं भलतंच दाबलं. गाडीनं सायकल उडवली आणि जाऊन कठड्यावर आदळली, तीही नेमकी यशोधरेच्या बाजूनं. माहेरचं दार तिथून हाकेच्या अंतरावर होतं.

सायकलवाल्या सावळेरामचा पाय मोडला. नानासाहेबाला साधं खरचटलंसुद्धा नाही, आणि याचीच त्याला जन्मभर लाज वाटली. यशोधरा कमरेखाली हलेना. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर उभी राहील, पण लांबवू नका.

"कंपनीचे पैसे आले की करू," यशोधराच त्याला धीर द्यायची. "तोंड बारीक करू नका. थर्ड पार्टी हाय मी."

नानासाहेब चिमाजीकडं गेला. चिमाजीनं त्या दिवशी पहिल्यांदा हातातलं काम बाजूला ठेवलं.

"नाना, वैनी थर्ड पार्टी कशा होतील? थर्ड पार्टी म्हंजे बाहेरचा, रस्त्यावरचा माणूस. आपल्या गाडीत बसलेला न्हाई. फुल काढला असता तर त्यांचं बी झालं असतं."

"तू तर म्हणाला व्हतास, ज्याला लागंल तो..."

चिमाजीला शिव्या घालून तरी काय उपयोग होता? नानासाहेब घरी आला. यशोधरेनं विचारलं, "काय म्हणाला?" याच्या तोंडून निघून गेलं, "कोर्टाचं काम हाय, टाइम लागंल."

एकदा बोलला आणि मग तेच बोलत राहिला. गाडी भंगारात घातली, ते पैसे पहिल्याच दवाखान्यात संपले. ऑपरेशनची वेळ निघून गेली, हे डॉक्टरांनी त्याला बाहेर घेऊन सांगितलं. तेही त्यानं पोटातच ठेवलं. यशोधरा मात्र खिडकीपाशी पडल्या पडल्या विचारायची, "आली का हो तारीख?" आणि हा गाढव माणूस "येईल, येईल" म्हणत तिची पाठ पुसायचा.

दोन वर्षांनी एका सकाळी दारात सावळेराम उभा राहिला. चांगला दोन पायांवर, हातात पेढ्यांचा पुडा. नानासाहेबानं त्याला ओसरीवरच थोपवायला पाहिलं, पण तो बिचारा भला माणूस, थेट आत गेला.

"वैनी, राग व्हता माझ्या मनात, खोटं न्हाई बोलत. पण तुमच्या इन्शुरन्सनं पाय उभा केला माझा. कोर्टानं कंपनीकडनं सगळं मिळवून दिलं. म्हटलं, तोंड गोड करावं."

यशोधरेचा चेहरा उजळला. "म्हंजे निकाल लागला? अहो, मग माझा बी लागला असंल की!"

सावळेराम कधी निघून गेला, ते नानासाहेबाला कळलं नाही.

"त्यांना कसं मिळालं?" यशोधरेनं विचारलं.

"ते थर्ड पार्टी व्हते."

"अन् मग मी कोण व्हते?"

"तू... तू घरची."

"घरच्या माणसाला काय मिळत न्हाई?"

"न्हाई."

यशोधरेनं पुड्यातला एक पेढा उचलला, अर्धा मोडून त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "खा. आता ते नाव घेऊन हाक मारू नका मला."