चौथी नळी

शीतखोलीतून रवंथाचा आवाज येत होता. गेलं वर्षभर बाईंना तो असाच ऐकू येई, भर दुपारीसुद्धा. पशुवैद्यक विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतले जुने मदतनीस काका म्हणत, "कॉम्प्रेसर आहे तो, बाई. म्हशी असत्या तर चहाला दूध तरी मिळालं असतं."

बाई हसत नसत. गेल्या वर्षी तपासणीची किटं पुरवून वापरायला त्यांनी पाच-पाच जनावरांच्या लाळेचे नमुने एकत्र करून तपासले होते. नियमात बसत होतं. एका गायीतला लाळ्या-खुरकुताचा विषाणू चार धडधाकट गायींच्या लाळेत विरून गेला, अहवाल 'निर्दोष' गेला, आणि महिन्याभरात सतरा गोठ्यांतली सगळी जनावरं मारून पुरावी लागली. खड्डे बुजवताना विद्यापीठातर्फे बाईच काठावर उभ्या होत्या.

आज टेबलावर धाकट्या भावाच्या गोठ्याचे नमुने होते. पाचांची मिसळ निर्दोष आली होती. सही तेवढी राहिली होती.

फोन वाजला. "ताई, झालं का? टँकर दारात उभाय. तुझ्या सहीवाचून दूध हलत नाही."

"दोन तास थांब."

"सकाळपासून हेच! दूध आहे ते, लोणचं नाही."

आतला रवंथ एकदम थांबला. कुणी कान टवकारावेत तसा.

बाईंनी पाचही नमुने वेगवेगळ्या नळ्यांत लावले. पडद्यावर चौथ्या नळीची रेघ उशिरा हलली, पण चढत गेली. विषाणू होता.

"माहेरचा गोठा आहे, बाई," काका हळूच म्हणाले. "मिसळीचा कागद आहेच की फायलीत."

बाईंनी अहवाल साथनियंत्रण कक्षाला धाडला. मगच भावाला फोन लावून चौथ्या नळीतली गाय कोणती ते सांगितलं.

"एकच ना? तिला लांब बांधतो," तो म्हणाला.

"सगळी जातील रे. बेचाळीसच्या बेचाळीस."

"जन्मताना ती आडवी आली होती, ताई. तू कोपरापर्यंत हात घालून ओढून काढलीस तिला."

"माहितेय. टँकर माघारी पाठव."

"अगं, पण..."

"टँकर कुठाय?"

"तू नाही म्हणशील असं वाटलंच नाही गं. मघाशीच सोडला."

"दूध घ्यायला पुढे किती गोठ्यांवर जातो तो?"

"नऊ."

बाईंनी कोरा कागद ओढला. "नावं सांग. क्रमाने."