बिनविजेची हळद

हातात गिटारचा प्लग धरून आग्नेल मांडवाच्या चारही बाजूंना फिरून आला. आंब्याचे टहाळे, केळीचे खांब, रांगेने टांगलेले कंदील, सगळे होते. पॉइंट तेवढा नव्हता. शेवटी त्याने चुलीपाशी बसलेल्या बाईला विचारले. तिने त्याच्या हातातल्या वायरीकडे पाहिले आणि कपडे वाळत घालायची जागा दाखवली.

"ओवे गावात वीज नाही," मागून शिवा म्हणाला. "सांगायचं राहून गेलं."

आग्नेलने मांडवाबाहेरच्या दोन अँप्लिफायरांकडे पाहिले. पनवेलपासून ते ओढून आणताना बैलांनाही फेस आला होता. पण रागवायला त्याला तोंड नव्हते. सांगायचे त्याचेही राहून गेले होते.

शिवाला बँडमधून काढायचे ठरले होते. मुंबईच्या हॉटेलांत आता सगळ्यांना गिटारच हवी होती. बँडमध्ये दुसरा गिटारवाला आला होता आणि नव्या गाण्यांत सॅक्सोफोनला काही कामच उरले नव्हते. आग्नेल बँडचा प्रमुख, तेव्हा हे सांगणे त्याच्याकडे आले. आज सांगू, उद्या सांगू करता करता शिवाच्या बहिणीच्या हळदीचे आमंत्रण हातात पडले. तिथेच निवांत सांगू, असे त्याने ठरवले. भला माणूस भित्रा असला की हे असे होते.

शिवाला आणलेही त्यानेच होते. लाल डगला घालून वरातीत क्लॅरिनेट वाजवणारा मिठागरवाल्याचा हा मुलगा त्याने मुंबईला नेला आणि बँडच्या नावाने घेतलेला जुना सॅक्सोफोन त्याच्या हाती दिला. तेव्हापासून शिवा गायकाच्या मागे अर्ध्या अंधारात उभा राहून रॉक अँड रोल वाजवत आला होता. गाण्यात तो कधी घुसला नाही. गायक दमासाठी थांबला की तेवढ्यात दोन सूर सरकवायचा. लोक नाचायचे त्या दोन सुरांवर आणि टाळ्या द्यायचे गायकाला. आग्नेल ओळखीपाळखीत ऐटीने सांगायचा, "हे त्याला मी शिकवलं."

संध्याकाळी हळद सुरू झाली. दोन्ही गिटारी बाजेवर आडव्या झाल्या. राहिले ड्रम आणि शिवा. समोर कोऱ्या धोतरात त्याचा बाप तुळशीराम बसला होता. मुलाला मुंबईत वाजवताना त्याने कधी ऐकले नव्हते. कोणी विचारले, पोरगा काय करतो, तर "वाजवतो" म्हणून तो भरतीओहोटीवर बोलू लागायचा.

शिवाने रॉक अँड रोल धरला तसे पाटावर बसलेल्या नवरीचे, शकूचे, हळदीने माखलेले पाय हलू लागले. बायका तोंडाला पदर लावून हसल्या आणि मग पदर सोडून हसल्या. मग हौसाआत्याने हात वर केला. आत्या गावची धवलारीण, धवले गाऊन लग्न लावणारी. तिच्यापुढे भटजीसुद्धा जपून बोलत. शिवाने सॅक्सोफोन खाली केला. आत्याने धवला सुरू केला, एक ओळ गायली, दमासाठी थांबली. सवयीनेच सॅक्सोफोन शिवाच्या तोंडाशी गेला. दोन सूर सरकले, आणि आत्याची पुढची ओळ त्यांच्यावर येऊन बसली.

आत्याने वळूनही पाहिले नाही. "सोडू नको," ती म्हणाली. "माजा दम सरतो तवा तूच धर. ल्हानपनापास्नं धरतोस."

टाळी वाजवणारा आग्नेलचा हात थांबला. आपण शिवाला काय शिकवले ते त्याला आता काही केल्या आठवेना. तुळशीराम उपरण्याने डोळे पुसत होता आणि पुसतोय हे कोणापासून लपवतही नव्हता.

बँडवाल्यांना सकाळी मुंबईला कामावर पोचायचे होते. पहाटेच्या चहानंतर तुळशीरामने स्वतः अँप्लिफायर बैलगाडीत चढवले.

"येवरा भार आनलात नि वाजला नाय," तो हळहळला. "पनवेलचा काशिराम मांडववाला विजेचं इंजिन लावतो बोलला व्हता. आपल्या नात्यातलाच हाय. दिवं लागलं असतं, तुमचं बी वाजलं असतं. शिवाच नको बोलला. आवाज लय करतंय, बोलला."

गुंडाळलेली वायर आग्नेलने सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

पनवेलच्या स्टँडवर शिवाने गाडीतून सॅक्सोफोनची पेटी उतरवली आणि आग्नेलपुढे ठेवली.

"बँडचा आहे. घेऊन जा."

"तुला कोणी सांगितलं?"

"नवीन गाणी मीही वाजवतो ना, आग्नेल. म्हणजे, उभा असतो." शिवाने पेटीची कडी उगीच उघडली आणि लावली. "बाबानं एकदा ऐकायला हवं होतं. नुसता सॅक्सोफोन. म्हणून इंजिन नको म्हटलं."

खरे तर आग्नेलला राग यायला हवा होता. आली ती मायाच, आणि तिचे काय करावे हे न कळून त्याने पेटी उचलून शिवाच्या हातात कोंबली.

"शनिवारी वेळेवर ये."

"हॉटेलात वीज असते," शिवा म्हणाला.

आग्नेल एस.टी.च्या पायरीवर चढला.

"असते," तो म्हणाला. "जातेही कधीकधी."