खाऱ्यावरचं गोडं पाणी

विभावरी हट्टाला पेटली की घरी नवऱ्यालासुद्धा आवरत नसे. मग न्यूझीलंडला, वेलिंग्टनच्या ऑफिसात बिचाऱ्या रवींद्र जाधवांची काय कथा!

भांडण विहिरींवरून होतं. पॅसिफिक महासागरातल्या किरिबाती देशाच्या एका चिमुकल्या बेटावर त्यांची कंपनी पिण्याच्या पाण्याची सोय करणार होती. बेट कसलं, भर समुद्रात प्रवाळाच्या वाळूची एक पट्टी. नदी नाही, तळं नाही, डोंगर तर औषधालाही नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखं राहतं. त्या सायीवर सगळं गाव जगतं.

साय अलगद काढायची असते. पण या कामाचे प्रमुख रवींद्र पडले जालन्याचे. उमेदीची वर्षं काळ्या पाषाणात बोअर मारण्यात गेलेली, आणि तिथला धर्म एकच: पाणी कमी पडलं की आणखी खोल जा. बेटावरही त्यांनी खोल विहिरी आणि दणकट पंप ठरवून टाकले. ड्रिलिंगचं मशीन सोमवारी ऑकलंडहून बोटीवर चढणार होतं.

"दादा, पंपाने जोर लावला की खालचं खारं पाणी वर येणार," विभावरीने पुन्हा एकदा सांगितलं. ऑफिसात सगळे त्यांना 'रवी' म्हणत. तिच्या जिभेला ते कधी जमलंच नाही.

"अगं, विहीर गोड्या पाण्यातच थांबतेय ना? मग स्वीट ॲज, एकदम झकास!"

पालथ्या घड्यावर पाणी! तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. त्या बेटावर ती राहून आली होती, तिथलं पाणी प्यायली होती. ते एकदा खारावलं की पुन्हा गोड व्हायला वर्षं लागतात, आणि तोवर गावाने प्यायचं काय? गावाला बेट सोडून उठावं लागलं असतं. ते तिला होऊ द्यायचं नव्हतं.

शुक्रवारी ती एक काचेची बरणी घेऊन आली. तळाशी बिटाने लाल केलेलं मिठाचं पाणी, त्यावर चमच्याच्या पाठीवरून हळूच सोडलेलं गोडं. तिने रवींद्रांच्या हातात स्ट्रॉ दिला.

"ही तुमची विहीर. गोड्या पाण्यातच थांबवा."

त्यांनी हसत स्ट्रॉचं टोक लाल थराच्या वर धरलं.

"आता पंप चालू करा. तुमचा दणकट."

त्यांनी जोरात ओढलं. खालचा लाल थर टेकडीसारखा फुगून वर आला आणि थेट नळीत शिरला. रवींद्रांचा चेहरा वेडावाकडा झाला. ते सिंककडे वळले.

"थुंकू नका, दादा," विभावरी म्हणाली. "तिथल्या बायकापोरांना थुंकून दुसरं प्यायला नसेल."

ते थांबले. डोळे मिटून त्यांनी घोट गिळला.

"आमच्याकडे खोल गेलं की देव भेटतो गं," स्ट्रॉ बाजूला ठेवत ते म्हणाले.

"तिथे समुद्र भेटतो."

त्यांनी फोन उचलून ऑकलंडला लावला. "मशीन लोड करू नका, मेट. माय मिस्टेक." मग कागद पुढे ओढला. "बोल. किती खोल?"

"खोल नाहीच. पाण्याच्या वरच्या अंगाला आडवे पाइप, आणि पंप अगदी लहान."

तोंडातला खारटपणा गिळत रवींद्र जाधवांनी पेन्सिल घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा आडवी विहीर काढली.